नळदुर्गचा हवालदार, उस्मानचा जिल्हा

सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की आधी नळदुर्ग लागतं आणि तिथून आठ-नऊ किलोमीटरवर जळकोट. (लातूर जिल्ह्यातलं नव्हे, तुळजापूर तालुक्यातलं.) १३ सप्टेंबर १९४८ ला सकाळी नऊच्या सुमारास याच रस्त्याने भारतीय लष्कराचे रणगाडे जळकोटात शिरले. दुपारी सव्वातीनपर्यंत ते उमरग्यात होते, आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. शाळेच्या पुस्तकात हे एका वाक्यात उरकतं, जणू गाड्या आल्या आणि निजाम शरण गेला.

पण जळकोटचा रस्ता मोकळा होण्याआधी नळदुर्ग घ्यावं लागलं होतं. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवला असता, तर ऐन पावसाळ्यात रणगाडे अलीकडेच अडकले असते. भारतीय तुकडीने अंधारातच झडप घालून पूल धडधाकट ताब्यात घेतला. मग शीख रेजिमेंटची दुसरी बटालियन नळदुर्गवर चालून गेली. तिच्यातल्या एका प्लॅटूनचं नेतृत्व हवालदार बचित्तर सिंग यांच्याकडे होतं. गाव पंजाबातलं लोपो, वय एकतीस.

पहाटे दोन मोटारी येताना दिसल्या. त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला आणि त्या पकडल्या. पुढे एका मोक्याच्या जागेवरून ब्रेनगन धडधडत होती. ठाणं अगदी टप्प्यात आलं असताना मांडीत गोळ्या घुसल्या. ते कोसळले, पण सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंदूक गप्प केली. मागे न्यायला आले त्यांना नकार दिला. पडल्यापडल्या साथीदारांना हिंमत देत राहिले. तिथेच गेले.

त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. परमवीरचक्र का नाही? परमवीरचक्र रणांगणावर शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी असतं, अशोकचक्र त्याखेरीजच्या शौर्यासाठी. आणि हैदराबादवरच्या मोहिमेचं सरकारी नाव होतं ‘पोलीस ॲक्शन’. समोर ब्रेनगन होती, पण कागदावर युद्ध नव्हतं.

आता जिल्ह्याचं नाव बघा. ते पडले त्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद, ज्याच्या फौजेशी लढले त्या मीर उस्मान अली खानाच्या नावावरून. त्याआधी तर जिल्ह्याचं नावच नळदुर्ग होतं. ठाणं धाराशिवला हललं आणि नाव निजामाचं लागलं. १९४८ नंतरही ते पुसलं गेलं नाही. खुद्द निजामच १९५६ पर्यंत भारतीय प्रजासत्ताकातल्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, मग पाटी कोण बदलणार? ती बदलली २०२३ मध्ये.

अमेरिकेत वेगळी रीत दिसते. जोसेफ हॅमिल्टन डेव्हिस हा केंटकीचा वकील. गरज पडली की कामधंदा सोडून बंदूक उचलणाऱ्या नागरी फौजेत, म्हणजे मिलिशियात, मेजर झाला आणि १८११ च्या टिपिकनूच्या लढाईत पडला. त्याच्या नावाच्या चार काउंटी आहेत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हेच. गंमत अशी की चारही ठिकाणी त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट झाली आणि तशीच राहिली. पण टिपिकनूला त्याच्यासमोर लढणारे होते तिथले मूळ रहिवासी. लढाईनंतर त्यांचं गाव जाळलं गेलं. विजेत्यांनी मेलेल्या शिपायाचं नाव जमिनीला दिलं, त्याचं कौतुक करताना हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडेही समोर नागरी फौज होतीच, रझाकारांची. तिचा पुढारी कासीम रझवी हाही वकीलच, लातूरचा. आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार मराठवाड्यातली जुनी माणसं विसरली नाहीत. पण फौज पुढे गेल्यावर या जिल्ह्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, ज्यांतले कितीतरी रझाकार नव्हतेच. दिल्लीने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानातल्या मृतांचा अंदाज कमीत कमी २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद घातलं. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं प्रसिद्धच केला नाही.

तेव्हा नाव बदलण्याच्या वादात मला एक गोष्ट खटकत राहिली. निजामाचं नाव ठेवावं की काढावं यावर दोन्ही बाजू हिरिरीने बोलल्या. बोरीच्या पुलापलीकडे मेलेल्या हवालदाराचं नाव त्या गदारोळात माझ्या कानावर आलं नाही, आणि त्याच्यामागून त्या महिन्यात मेलेल्या गावकऱ्यांचं तर नाहीच.