व्यवसायोपचाराचा साहाय्यक : वऱ्हाडच्या संदर्भात

संस्कृतात ‘व्यवसाय’ या शब्दाने दृढ निश्चय व उद्योग यांचा बोध होतो. मराठीत त्याला उपजीविकेचा धंदा हा अर्थ आला. ‘व्यवसायोपचार’ या पारिभाषिक शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र आले असून या उपचाराच्या इतिहासातील मुख्य वादही तेथेच आहे. मनोरुग्णाला दिलेले काम त्याच्या निश्चयशक्तीला जाग आणण्यासाठी, की संस्थेचा खर्च भागविण्यासाठी? केवळ कामाकडे पाहून याचा निर्णय होत नाही. विणकाम दोन्हीकडे विणकामच असते. रुग्णाजवळ उभा असलेला मनुष्य काय शिकून आला आहे, यावर तो अवलंबून असतो.

या साहाय्यकाचे शिक्षण तज्ज्ञाच्या शिक्षणामागून आले, असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहास मात्र उलट दिसतो. 1908 साली शिकागो येथे मनोरुग्णालयांतील परिचारकांसाठी व्यवसाय व करमणूक यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. एलिनॉर क्लार्क स्लॅगल यांनी 1911 मध्ये तेथेच धडे घेतले. पुढे 1917 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या व्यवसायोपचार संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. पदवीधर तज्ज्ञांचा वर्ग त्यानंतर वाढला. परंतु त्यांची संख्या रुग्णांच्या मानाने अपुरी पडू लागली, तेव्हा 1950 च्या दशकाच्या अखेरीस साहाय्यकांच्या स्वतंत्र शिक्षणास तेथे मान्यता मिळाली. हा आरंभही मनोरुग्णालयांतूनच झाला.

भारतात क्रम बदलला. कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची पहिली शाळा काढली. 1958 मध्ये नागपुरातही असे विद्यालय सुरू झाले. येथे तज्ज्ञाची पदवी आधी सिद्ध झाली. साहाय्यकाच्या शिक्षणास मात्र तिच्या तोलाचे स्थान मिळाले नाही.

या उणिवेचा अर्थ वऱ्हाडात विशेष स्पष्ट होतो. नागपूरचे मनोरुग्णालय 1864 सालचे. अमरावतीहून ते सुमारे दीडशे, तर अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तेथून बरा होऊन परतलेला रुग्ण कर्मशाळेत जात नाही, तो शेतात जातो. डवरणी, निंदण व कापूस वेचणी हेच त्याचे व्यवसाय. आज गुरांना चारा घालणे, आठवड्याने निंदणाची अर्धी पात, मग पूर्ण पात, अशी कामाची पायरी ठरविणे. थकवा व भीती यांची नोंद ठेवणे. थांबावयाचे केव्हा हे ओळखणे, हे साहाय्यकाचे खरे कौशल्य होय. यासाठी त्याला वऱ्हाडी बोली जेवढी अवगत हवी, तेवढीच शेतीची कामेही.

असा मनुष्य स्थानिक समाजातून घडविता येतो काय? या प्रश्नाला अमरावती जिल्ह्यात दोन दाखले मिळतात. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली अमरावतीस स्थापिलेल्या तपोवनात कुष्ठरोग्यांनी शेती व हस्तोद्योग यांच्या आधारे आपली प्रतिष्ठा परत मिळविली. रोग वेगळा, तत्त्व तेच. दुसरा दाखला अलीकडचा. ‘विश्राम’ या प्रकल्पात 30 गावांमध्ये प्रशिक्षित ग्रामकार्यकर्ते व समुपदेशक यांनी काम केले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. हे कार्य समुपदेशनाचे होते, व्यवसायोपचाराचे नव्हे, हा भेद विसरता कामा नये. तथापि पदवी नसलेला, परंतु नीट शिकविलेला व देखरेखीखाली असलेला गावकरी उपचाराचा दुवा होऊ शकतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

केवळ सद्भाव मात्र पुरेसा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णावर कामाची सक्ती करण्यास मनाई केली असून केलेल्या कामाचा योग्य मोबदला हा त्याचा हक्क मानला आहे. संस्थेबाहेर, स्वतःच्या घरी व शेतात, हा विवेक राखावयाचा तो साहाय्यकानेच. सुगीच्या घाईत कुटुंबाला मजूर हवा असतो, रुग्णाला मात्र अर्धीच पात झेपते. त्या वेळी ‘आज एवढेच’ असे घरच्यांना त्यांच्याच बोलीत सांगणारा मनुष्य बांधावर असला, तर ‘व्यवसाय’ या शब्दाचा जुना अर्थ टिकतो. नसला, तर उपचाराच्या नावाखाली केवळ मजुरी उरते.