पाकिटावरचा पत्ता

मागे एकदा एका बगमागे आमच्या टीमचे तीन दिवस गेले. सगळा कोड उलटापालटा केला. शेवटी कळलं की कोड ठीकच होता, टेस्टचा डेटाच कुणीतरी बिघडवून ठेवला होता! आम्ही कपाळावर हात मारला, चहा प्यायलो आणि विषय संपला. पण असंच वैद्यकीय संशोधनात झालं तर? झालंय. आज तीच गोष्ट.

सुरुवात उंदरांपासून. १९५१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये लुडविक ग्रॉस या डॉक्टरने ल्युकेमिया झालेल्या उंदरांचा, पेशी काढून टाकलेला अर्क दुसऱ्या जातीच्या नवजात पिल्लांना टोचला. मोठेपणी त्या पिल्लांनाही ल्युकेमिया झाला. पेशी तर नव्हत्याच, म्हणजे करामत विषाणूची. बरीच वर्षं लोकांना ते पटलं नाही. मग फ्रेंड, मोलोनी, राउशर अशा नावांचे आणखी विषाणू सापडले आणि शंका मिटली.

हे सगळे विषाणू आतून बरेचसे सारखे. महत्त्वाचा फरक बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनात. पाकिटावर पत्ता असतो ना, तसं हे प्रथिन. त्याच्या पुढच्या टोकाचा आकार पेशीवरच्या ज्या प्रथिनाशी जुळेल, तिथेच विषाणू आत शिरणार. टोक जरा बदललं की पत्ता बदलला. काही विषाणू फक्त उंदराच्याच पेशीत शिरतात, त्यांना इकोट्रॉपिक म्हणतात. काही दोन्हीकडे चालतात, ते अँफोट्रॉपिक. आणि १९७३ मध्ये जे लेव्ही यांनी तिसऱ्या प्रकाराला नाव दिलं: झेनोट्रॉपिक.

हा तिसरा प्रकार भलताच विचित्र. त्याचे जीन उंदराच्या डीएनएमध्येच बसलेले, पिढ्यान्‌पिढ्या वारशाने आलेले. पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांच्या पेशींवरचं ते प्रथिन थोडं वेगळं असतं, त्यामुळे तो स्वतःच्याच घरात शिरू शकत नाही. माणसाच्या पेशींवर मात्र त्याला हवं तसं प्रथिन असतं. म्हणजे पत्ता शेजाऱ्याचा!

आता विचार करा. माणसाचा ट्यूमर उंदराच्या अंगात वाढवला तर काय होईल? १९९० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडला एका रुग्णाचा प्रोस्टेटचा ट्यूमर असाच वाढवत होते. त्या उंदरांच्या डीएनएमधले दोन अर्धेमुर्धे विषाणू एकमेकांत मिसळून एक नवा, चालता विषाणू तयार झाला आणि माणसाच्या पेशींत शिरला. कुणाला पत्ताही लागला नाही. त्या पेशी प्रयोगशाळांमधून फिरत राहिल्या.

२००६ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या नमुन्यांत एक 'नवीन' विषाणू सापडला, एक्सएमआरव्ही. २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला: क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या १०१ पैकी ६८ रुग्णांत हाच विषाणू! ज्यांना वर्षानुवर्षं "तुम्हाला काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे" असं ऐकावं लागलं, त्यांना काय वाटलं असेल? शेवटी पुरावा मिळाला. काहींनी तर एचआयव्हीची औषधं घ्यायला सुरुवात केली. कॅनडा आणि ब्रिटनने अशा रुग्णांचं रक्तदान थांबवलं.

पण इतर प्रयोगशाळांना काही केल्या तो सापडेना. २०११ मध्ये संशोधकांनी त्या जुन्या ट्यूमरचे साठवलेले नमुने काढले. सुरुवातीच्या नमुन्यांत विषाणू नाही, नंतरच्यांत आहे. म्हणजे तो रुग्णाकडून आलाच नव्हता, उंदरांतून आला होता. डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'ने तो निबंध मागे घेतला. २०१२ मध्ये १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी लोकांचं रक्त, कुणाचं कुठलं ते न सांगता, मूळ संशोधकांनाही तपासायला दिलं. निकाल: विषाणू नाही.

विज्ञानाने आपली चूक स्वतःच शोधली, हे मला आवडतं. पण ते रुग्ण डोक्यातून जात नाहीत. आमचा बग सापडला तेव्हा काम संपलं होतं. इथे चूक सापडली, तरी आजारी माणसं आजारीच राहिली. त्यांची तक्रार खरीच होती, उत्तर तेवढं चुकलं होतं. आणि बरोबर उत्तराची ते अजून वाट बघताहेत.