आजीची मतपेटी

चिटणीसांनी ‘इतिहासावर काहीतरी द्या’ असे सांगितले, तेव्हा किल्ला आणि शिंदेशाही बाजूला ठेवून मला आजीची मतपेटी आठवली.

१९५२ साली आजीने लष्करात पहिले मत दिले. तेव्हा शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. शेजारच्या काकूंचे मत मात्र हुकले. यादी करणाऱ्याला त्यांच्या घरून ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगितले गेले होते. अशी सुमारे २८ लाख बायकांची नावे तेव्हा यादीबाहेर राहिली. त्यात आपला मध्य भारतही होता. आजी म्हणायची, “नाव सांगायला लाजली, अन् पाच वर्षं गेली!”

त्या निवडणुकीत काँग्रेसला मते सुमारे ४५ टक्के, पण जागा ४८९ पैकी ३६४. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, या पद्धतीत विरोधकांची मते विखुरली की असेच होते. ग्वाल्हेरने मात्र हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे निवडून दिले. १९५७ मध्ये येथून दोन खासदार गेले. असे द्विसदस्य मतदारसंघ १९६१ मध्ये बंद झाले. १९६२ मध्ये विजयाराजे शिंदे काँग्रेसतर्फे जिंकल्या.

खरी कलाटणी १९६७ ची. राजमाता काँग्रेसबाहेर पडल्या. राज्यात काँग्रेस जिंकली खरी, पण काही महिन्यांतच आमदार फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार गेले. पुढे १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. २०२० मध्ये ज्योतिरादित्य शिंदे यांच्या बाजूच्या २२ आमदारांनी राजीनामेच दिले आणि कमलनाथ सरकार पडले. कायद्याने पुढचे दार लावले, तर मंडळींनी मागचे शोधले!

पक्षांचे दिवसही फिरले. १९८४ मध्ये माधवराव शिंदे यांनी येथे अटलजींना हरवले, तेव्हा भाजपचे देशात दोनच खासदार होते. १९८९ पासून पंचवीस वर्षे कोणत्याही एका पक्षाला लोकसभेत बहुमत नव्हते. २०१४ मध्ये भाजपने २८२ जागा घेतल्या, मते सुमारे ३१ टक्के. २०२४ मध्ये २४० वर थांबून मित्रपक्षांचा हात धरावा लागला. म्हणजे थोडी मते इकडची तिकडे झाली, तरी सरकारचा रंग बदलतो.

म्हणूनच एक कबुली देतो. बदलीहून परतल्यावर मी नव्या पत्त्याचा अर्ज भरलाच नाही. मतदानाच्या दिवशी यादीत नाव नव्हते. हात हलवत घरी आलो. काकूंना निदान लाजेचे कारण होते, माझा नुसता आळस. नोकरीनिमित्त येथे आलेल्या सहकाऱ्यांनो, राहतो तेथे मत देण्याचा हक्क आपल्याला आहे. आरतीनंतर घरी गेलात की यादीत नाव एकदा पाहून घ्या.