विकत घेतलेलं गाणं आणि बंद पडलेला सर्व्हर

आजच्या एपिसोडचा विषय तसा टेक्निकल वाटेल, पण गोष्ट सरळ माणसांची आणि पैशाची आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

एप्रिल २००८. अमेरिकेतल्या एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना एक ईमेल आला. एमएसएन म्युझिक म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाणी विकणारं ऑनलाइन दुकान. २००४ मध्ये सुरू झालेलं, २००६ च्या शेवटी विक्री बंद केलेलं. ईमेलचा मथितार्थ असा: ३१ ऑगस्ट २००८ नंतर आम्ही तुमच्या गाण्यांसाठी नवीन लायसन्स देणार नाही. ज्या कॉम्प्युटरवर गाणी आज वाजतायत तिथे ती वाजत राहतील. पण नवा कॉम्प्युटर घेतलात किंवा आहे त्याच कॉम्प्युटरवर एक्सपी काढून व्हिस्टा टाकलंत, तर गाणी वाजणार नाहीत.

लक्षात घ्या, ही चोरीची गाणी नव्हती. लोकांनी एकेका गाण्याचे साधारण एक डॉलर मोजले होते. फाईल त्यांच्याच हार्ड डिस्कवर होती. तरी तिला आता मुदत लागली होती.

असं कसं झालं? त्यासाठी आधी कुलूप कसं चालतं ते बघू.

फाईल इकडे, चावी तिकडे

या कुलपाला म्हणतात डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. एमएसएनचं गाणं डाउनलोड केलं की एन्क्रिप्ट केलेली फाईल मिळायची. नुसती ती फाईल काही कामाची नाही. तिच्या सुरुवातीच्या भागात दोन गोष्टी लिहिलेल्या असायच्या: या गाण्याला कुठली चावी लागते, आणि ती मागायची कुठल्या सर्व्हरकडे. प्लेअर त्या सर्व्हरशी बोलायचा, तुम्ही ग्राहक आहात हे पटलं की सर्व्हर लायसन्स पाठवायचा, आणि ते लायसन्स तुमच्या कॉम्प्युटरशी बांधलेलं असायचं. तीच फाईल पेन ड्राइव्हवरून मित्राच्या मशीनवर नेली तर ती वाजायची नाही, कारण चावी सोबत गेलेलीच नसायची.

म्हणजे फ्लॅट तुमच्या नावावर, हप्ते तुम्ही फेडलेत, पण कुलूप बदललं की नवी चावी बिल्डरच्या ऑफिसातूनच आणायची. ऑफिस चालू आहे तोवर ठीक. एक दिवस बिल्डरने ऑफिसच बंद केलं तर?

त्या काळात गाणं वाजत नसेल तर लोक काय करायचे, हे बघण्यासारखं आहे. मदरबोर्ड बदलला, विंडोज फॉरमॅट केलं, की कॉम्प्युटर 'ओळखू' यायचा नाही आणि लायसन्स बाद. मग ठरलेला उपाय: विंडोजमधला लायसन्स साठवणारा डीआरएम नावाचा लपलेला फोल्डर रिकामा करायचा किंवा त्याचं नाव बदलायचं, प्लेअरला नव्याने सुरुवात करू द्यायची, आणि सर्व्हरकडून सगळी लायसन्स परत मागवायची. बरेचदा काम व्हायचं. पण या उपायाची शेवटची पायरी बघा: सर्व्हरकडून परत मागवायची. दुकान बंद झालं असेल तर हाच उपाय उलटा अंगावर येतो. जुनी चावी तुम्ही स्वतःच्या हाताने टाकून दिलेली, नवी द्यायला कुणी नाही.

लायसन्सचा बॅकअप घ्यायची सोय जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये होती. अकराव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने तीही काढून टाकली.

कुलूप आलं कुठून?

थोडं मागे जाऊ. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं आणि गाणी फुकट वाटली जाऊ लागली. कोर्टकचेऱ्या झाल्या, २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं, पण रेकॉर्ड कंपन्यांच्या मनात धास्ती बसली. ऑनलाइन गाणी विकू, पण कुलूप लावूनच, ही त्यांची अट. कुलूप तोडायला कायद्यानेच मनाई करणारा डीएमसीए अमेरिकेत १९९८ मध्येच आला होता.

एप्रिल २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. ९९ सेंट्सला एक गाणं, सुरुवातीला २ लाख गाणी, आणि पहिल्याच आठवड्यात १० लाख विकली गेली. ॲपलच्या कुलपाचं नाव फेअरप्ले. ते दुसऱ्या कुणालाही वापरायला मिळत नव्हतं. आयट्यून्सची गाणी खिशात घेऊन फिरायचं तर आयपॉडच हवा.

मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये उलटी चाल खेळली. आपलं कुलूप सगळ्यांना द्यायचं. अनेक कंपन्यांचे प्लेअर, अनेक दुकानं, आणि सगळ्यांवर एकच शिक्का: 'प्लेज फॉर शुअर'. म्हणजे 'नक्की वाजणार'! नाव लक्षात ठेवा. कारण नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा झून नावाचा प्लेअर काढला, आणि त्यावर प्लेज फॉर शुअरची गाणी वाजत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्याच दुकानातून घेतलेलं गाणं मायक्रोसॉफ्टच्याच प्लेअरवर नाही. 'नक्की' शब्द एवढा स्वस्त क्वचितच झाला असेल.

२००८: एकामागोमाग एक

एप्रिलच्या त्या ईमेलनंतर आरडाओरडा झाला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली आणि किमान २०११ च्या शेवटापर्यंत सर्व्हर चालू ठेवू असं सांगितलं. पण जुलैमध्ये याहू म्युझिकने तेच जाहीर केलं: ३० सप्टेंबरला लायसन्स सर्व्हर बंद. तिथेही गोंधळ झाला, मग कूपन आणि पैसे परत देण्याची तयारी. सप्टेंबरमध्ये वॉलमार्टची पाळी. ९ ऑक्टोबरला सर्व्हर बंद करतो म्हणाले, मग लोकांचा राग बघून तेही थांबले.

वॉलमार्टने ग्राहकांना सल्ला काय दिला होता? गाणी ऑडिओ सीडीवर बर्न करून ठेवा. ऑडिओ सीडीवर कुठलंच लायसन्स नसतं; तीच सीडी परत कॉम्प्युटरवर घेतली की झाली साधी एमपीथ्री. म्हणजे ज्याने कुलूप लावून विकलं, तोच आता कुलूप काढायचा रस्ता दाखवत होता. फक्त त्यात दोनदा कॉम्प्रेस झाल्यामुळे आवाजाचा दर्जा उतरायचा, आणि शेकडो गाण्यांसाठी सीड्या जाळत बसायचं काम ग्राहकाच्या गळ्यात.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे: पायरसी करणाऱ्याला यातला कुठलाच त्रास नव्हता. त्याची एमपीथ्री कुठेही वाजत होती. भोगलं ते पैसे भरणाऱ्याने.

गाण्यांचं कुलूप निघालं

आता जरा मागची एक तारीख. ६ फेब्रुवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने एक खुलं पत्र लिहिलं होतं. मुद्दा साधा: २००६ मध्ये ऑनलाइन दुकानांनी कुलूपबंद गाणी २ अब्जांपेक्षा कमी विकली, पण रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतः सीडीवर बिनकुलपाची २० अब्जांहून जास्त गाणी विकली. मग कुलपाने वाचवलं काय?

हे फक्त औदार्य नव्हतं. युरोपात ॲपलवर फेअरप्लेबद्दल दबाव होता. दुसरीकडे कंपन्यांनाही कळून चुकलं होतं की या कुलपामुळे ग्राहक आयपॉडला बांधला जातोय आणि भाव ठरवायची ताकद ॲपलकडे चाललीय. एप्रिल २००७ मध्ये ईएमआय तयार झाली. सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने फक्त बिनकुलपाची एमपीथ्री विकणारं दुकान उघडलं. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने जाहीर केलं की चारही मोठ्या कंपन्यांची गाणी आता डीआरएमशिवाय. जुनी गाणी मोकळी करून घ्यायची? प्रत्येकी ३० सेंट्स. स्वतःच्या गाण्याची चावी, वेगळे पैसे देऊन!

पुस्तकांची गोष्ट अजून संपलेली नाही

गाणी सुटली, पुस्तकं आणि सिनेमे नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून काही पुस्तकं रातोरात काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पण एका विद्यार्थ्याने पुस्तकात काढलेली टिपणं निरुपयोगी झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुस्तक कुठलं? जॉर्ज ऑरवेलचं '१९८४'. नजर ठेवणाऱ्या सत्तेवरचं पुस्तक असं दुरून गायब होणं, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर पटला नसता. जेफ बेझोसने नंतर जाहीर माफी मागितली.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ईबुक विक्री बंद केली आणि जुलैपासून लोकांची विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. यावेळी सगळ्यांना पूर्ण पैसे परत दिले. टिपणं काढणाऱ्यांना वर २५ डॉलरचं क्रेडिट. २००८ पेक्षा वागणूक बरी, पण कपाट रिकामं ते रिकामंच.

आणि आपल्याकडे? २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कांचं उल्लंघन करायच्या हेतूने कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही. अमेरिकेपेक्षा इथे ग्राहकाला थोडी जास्त जागा आहे.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा नियम आहे: फक्त लायसन्स देत असाल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असं बटण लावायचं नाही. कायमची ऑफलाइन ठेवता येणारी फाईल देत असाल तर सूट. सतरा वर्षांनी का होईना, त्या ईमेलमागची गोष्ट कायद्याच्या भाषेत आली.

तर मंडळी, पुढच्या वेळी ई-पुस्तक, ऑडिओबुक किंवा सिनेमा 'विकत' घेताना तीन गोष्टी बघा. फाईल हातात मिळते की फक्त ॲपमध्ये दिसते? दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये ती उघडते का? आणि फोन बदलला तर परवानगी कुणाकडे मागावी लागेल? तिसऱ्या प्रश्नाला 'कुणाकडेच नाही' हे उत्तर आलं, तर ती वस्तू तुमची. नाहीतर भाडं भरताय असं समजा. भाड्यात वाईट काही नाही, दर महिन्याला आपण स्ट्रीमिंगचं भरतोच. फक्त भाडं आहे हे आधी कळलं पाहिजे, आणि किंमतही भाड्याचीच लागली पाहिजे.

तुमचं असं काही विकत घेतलेलं गायब झालंय का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि हो, बॅकअप घ्या!