पुष्पिका गळालेली पोथी

हस्तलिखितांचा अभ्यास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम पोथीचे शेवटचे पान उलटावयास सांगतो. लेखनिकाचे नाव, गाव, शक, मिती हा मजकूर बहुधा तेथेच, पुष्पिकेत असतो. ते पान गहाळ झाले तरी पोथी वाचता येते. मात्र ती कोठली आणि केव्हाची, हे कागद, अक्षरवळण आणि भाषारूपे यांवरून ठरवावे लागते. समाजमाध्यमांवरील अर्ध्याएक मिनिटाची चित्रफीत ही आपल्या काळातील अशीच पोथी आहे.

२०१६ साली कराची येथे, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेकरिता एक जनजागृतीपर चित्रफीत तयार झाली. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून पसार होतात. दृश्य पाळतीच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखे दिसते. पुढे तेच दोघे परततात, मुलाला सुखरूप सोडतात आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभरच लागतो, अशा आशयाचा फलक दाखवितात. चित्रफितीचा अर्थ सांगणारा मजकूर तो हाच. भारतात व्हॉट्सअ‍ॅपवरून जी प्रत फिरली, तिच्यातून ते परतणे आणि तो फलक कापलेला होता. खाली कोणीतरी ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ अशी ओळ जोडीत असे, आणि तेवढ्याने कराचीची गल्ली वाचणाऱ्याच्या गावाची होई.

मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा त्या काळात महाराष्ट्रातही पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, याच संशयावरून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेले होते. लोकसाहित्याच्या तासाला ज्या भिक्षेकरी परंपरांविषयी आम्ही मोठ्या जिव्हाळ्याने बोलतो, त्यांपैकीच ही एक. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

कापलेल्या फितीची तपासणी होते कशी? तिच्यातील स्थिरचित्रे वेगळी काढून त्यांवरून जुन्या प्रती शोधतात, त्या कालक्रमाने मांडतात आणि लांबी ताडून पाहतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हस्तलिखितांची वंशावळ लावली, त्याच जातीचे हे काम. एक भेद मात्र मोठा आहे. सुकथनकरांपुढे मुख्य अडचण प्रक्षेपांची होती. नकलाकार भर घालीत असत. येथे नकलाकार कापतो, त्यामुळे आखूड प्रत दिसली की ती उत्तरकालीन असावी, असाच संशय प्रथम घ्यावा लागतो.

मजकूर अगदी थोडा असेल, तर तोच कधी अधिक फसवितो. महाड तालुक्यातील वीर हे कोकण रेल्वेचे स्थानक. रोहा–वीर हा मार्ग १९९३ साली सुरू झाला, आणि महाडला स्वतःचे स्थानक नसल्याने तिकडची माणसे येथेच उतरतात. दुसरे वीर पुरंदर तालुक्यात, नीरा नदीवरील धरणाचे. पावसाळ्यात ‘वीरमधून पाणी सोडले’ एवढ्याच पट्टीची फीत महाडकराच्या हाती पडली, तर त्याच्या मनात नीरा येणार नाही, सावित्री येईल. आणि सावित्रीचे भय त्याला कोणी शिकवावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिच्यावरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. ही घटना रात्रीची आहे एवढे ध्यानात ठेवले, तरी त्या पुलाच्या नावाने भर उन्हात पूल पडताना दाखविणारी कोणतीही फीत तत्क्षणी बाद करता येते. पट्टी वाचावी लागत नाही.

इतर वेळी आधार असतो तो दुकानांच्या पाट्यांचा, गाड्यांवरील एमएच-०६ या रायगडच्या क्रमांकाचा, मागे ऐकू येणाऱ्या बोलीचा. यांतला पहिला आधार पुरात टिकतोच असे नाही. जुलै २०२१ मध्ये महाडात पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले, तेव्हा बाजारपेठेतल्या पाट्या पाण्याखाली होत्या. अशा फितीत गाव ओळखायला उरतात ती छपरे, मागचे डोंगर आणि माणसांचे बोलणे. त्यावर संगीत चढविले की बोलणेही जाते.