भरतीवर चालणारी नदी

नदी जितकी लांब तितका तिचा जलमार्ग मोठा, असे आपल्याला सहज वाटते. कोल्हापूरची पंचगंगा कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी थेट बंगालच्या उपसागरात जाते. परंतु खडकाळ व उन्हाळ्यात रोडावणारे कृष्णेचे पात्र समुद्रापर्यंतचा जलमार्ग होऊ शकले नाही. कोल्हापूरच्या मालाला समुद्राची जवळची वाट होती ती घाट उतरून पश्चिमेकडे, खारेपाटणला.

खारेपाटण वाघोटण नदीवर आहे. ही नदी सह्याद्रीत उगम पावते आणि विजयदुर्गाशी समुद्राला मिळते. इतकीच तिची धाव! तरीही समुद्रापासून सुमारे 40 किलोमीटर आत असलेले खारेपाटण बंदर होते. शिलाहार राजा रट्टराज याच्या इ. स. 1008 च्या खारेपाटण ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण मंदिराला देण्याची तरतूद आहे.

हे कसे शक्य झाले? सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. बर्फ वितळल्यावर पाणी चढले आणि नद्यांची मुखे बुडून खाड्या झाल्या. या सपाट पात्रात दर 12 तास 25 मिनिटांनी भरती शिरते. गलबत भरतीबरोबर वर यायचे, ओहोटीबरोबर खाली जायचे. म्हणजे नदीचा उपयोग तिच्या लांबीवर नव्हे, तर भरती कोठवर पोचते आणि तेथून घाटवाट किती जवळ आहे, यावर ठरला.

उत्तर जर्मनीतही हेच दिसते. श्विंगे नदी जेमतेम 30 किलोमीटरची. पण एल्बे नदीतून येणाऱ्या भरतीच्या आधारावर तिच्या काठचे श्टाडे हे हान्सा व्यापारसंघातील शहर बनले.

मात्र भरतीची वाट गाळाने बुजते. डोंगरउतारावरील झाडी तुटली की पावसाबरोबर माती खाडीत उतरते. कोकणातील अनेक खाडीबंदरे अशी उथळ झाली. त्यातच 1891 मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली आणि मालाची दिशा बदलली.

पश्चिमवाहिनी नद्या ‘आखूड व वेगवान’ असे आपण वर्गात शिकवतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. नकाशावर खारेपाटण शोधून विद्यार्थ्यांना विचारावे : बंदर नेमके येथेच का?