सोपाऱ्याच्या काळ्या दगडापुढे

मालवणला मोरयाच्या धोंड्याजवळ तुम्ही उभे आहात आणि समोर किल्ला नाही. कुरटे बेट उघडंबोडकं पडलंय. त्यावरच्या तटाचा मुहूर्त १६६४ साली व्हायचाय, आज इ.स.पू. २५६ च्या आसपासचं वर्ष चालू आहे. पाऊस सरलाय. गुडघाभर पाण्यात उभी राहून तांडेलाची बायको होडीच्या नाळेवर तांदूळ टाकते, फुलं वाहते, काहीतरी पुटपुटते. तुम्ही मालवणचेच असाल तर ते गाऱ्हाणं आहे हे कुणी सांगायला नको. तांडेल घाई करतो, पण तिचं पुरं होईपर्यंत नांगराला हात लावत नाही.

रात्री मतलई वाऱ्यावर पुढे सरकायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्याशी तिरकी झुंज द्यायची. देवगड, रत्नागिरी, दाभोळची खाडी मागे पडते. ही नावं आपली, आजची. आणि हो, तांडेल बोलतो प्राकृतच, तुम्हांला ते मालवणीत ऐकू येतं. या प्रवासातली एवढी एक सवलत घ्या.

उत्तरेला जाताना दगड बदलतो. आपल्याकडे सगळा जांभा. कुडोपीच्या सड्यावर त्यात मोठमोठ्या आकृती खोदल्यात आणि त्या छान टिकल्यात, पण नखाएवढं अक्षर भोकाभोकांच्या चिऱ्यावर धरायचं कसं? शूर्पारक बंदरात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, काळा कातळ आहे. तिथे एका धोंड्याभोवती गर्दी जमलीय.

जवळ जा. अक्षरं ब्राह्मी आहेत. ‘क’ म्हणजे चक्क अधिकाची खूण. ‘ठ’ म्हणजे नुसतं वर्तुळ, आणि त्यात टिंब पडलं की ‘थ’. डोक्यावर रेघ नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षर सुटं, एकटं उभं. कोरलेल्या खाचेत बोट घाला: कडा अजून बोटाला लागतात. राजाचं नाव शोधाल तर ‘अशोक’ सापडणार नाही. या लेखांत तो स्वतःला देवांचा प्रिय, प्रियदर्शी म्हणवतो.

गर्दीतल्या बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून राजाचा माणूस मोठ्याने वाचतोय. पूर्वीचे राजे मौजेच्या सफरीवर निघायचे, शिकार करायचे. या राजाने राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीची, म्हणजे बोधगयेची, वाट धरली. आता तो फिरतो ते श्रमण-ब्राह्मणांना भेटायला, म्हाताऱ्यांना दान द्यायला, खेड्यापाड्यातल्या माणसांशी बोलायला. हा आठवा लेख. एकूण चौदा. त्यांतल्या आठव्याचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली इथे मिळेल, नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावला. बाकीचे बारा कुठे गेले असतील? पायरीला, पाट्याला, विहिरीच्या काठाला. कोकणात चांगला दगड कुणी फुकट पडू देत नाही. उरले ते नेमके प्रवासाचे दोन. बंदराला शोभतील असे. निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

कारण नववा लेख ऐकताच तांडेल कान टवकारतो. माणसं आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, असं राजा म्हणतो. बायका तर फारच, आणि तेही क्षुल्लक, निरर्थक. करावेत, त्याची बंदी नाही. पण फळ थोडं.

तांडेल खो खो हसतो. ‘राजा येता काय माझ्यावांगडा दर्यात?’

खरं सांगायचं तर इथे मी तांडेलाच्या बाजूचा आहे. पाटलीपुत्रात बसून बायकांच्या तांदूळ-फुलांना नावं ठेवणं सोपं. एवढ्या थोर राजाच्या तोंडी हा घरातल्या थोरल्या काकांचा सूर मला खटकतो. पण लेख तिथे संपत नाही. भरघोस फळ देणारा विधी कोणता तेही त्यात आहे: गुरुजनांचा मान, जीवांशी संयमाने वागणं, श्रमण-ब्राह्मणांना दान. आणि यादीत सगळ्यांत आधी, दासांशी आणि नोकरांशी नीट वागणं.

तांडेलाचं हसू ओसरतं. आपल्या होडीवर वल्ही मारणारे चौघे मागेच उभे आहेत. त्यांतल्या एकाच्या तळव्यांची सालं निघालीत. दाभोळपासून त्याची पाळी बदललेली नाही, हे तुम्ही पाहिलंय. तो धक्के देत पुढे घुसतो आणि वाचणाऱ्याला म्हणतो, ‘ता गड्यांचा परत वाच.’

‘माल चढवा आधी,’ तांडेल ओरडतो.

‘वाचून होव दे,’ तो वळूनही न बघता म्हणतो.